४३ टेक आणि आजीचा ‘वा!’

पत्र थोडक्यात असं: फोंडा तालुक्यातल्या एका गावातली १७ वर्षांची मुलगी. बारावीत आहे. सहाव्या वर्षापासून गावातल्या गुरुजींकडे नाट्यसंगीत शिकली, जत्रेच्या नाटकांत पदं गायली. गेली दोन वर्षं मडगावला एका बाईंकडे पाश्चात्त्य गायनही शिकतेय. तिला अमेरिकेतल्या कॉलेजांत म्युझिकल थिएटरच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि नाच एकत्र असलेल्या नाटकाच्या, पदवीसाठी अर्ज करायचाय. तिथे आधी व्हिडिओ पाठवायचा असतो, तो पसंत पडला तरच खरी ऑडिशन. मडगावच्या बाई म्हणतात, गळ्यातल्या मुरक्या, म्हणजे सुरांची ती झटपट वळणं, काढून टाक, नाहीतर पहिल्याच फेरीत बाहेर. बाबा म्हणतात, मोबाइलवर कसलं करतेस, लग्नाचे व्हिडिओ करणारा ओळखीचा आहे, ६० हजारांत स्टुडिओसकट सगळं करून देतो. आई म्हणते, आपल्यासारख्यांना तिथे कोण घेणार. आजी काहीच म्हणत नाही, पण रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच ‘वा!’ म्हणते आणि टेक वाया जातो. असे ४३ टेक झाले, एकही मनासारखा नाही. पहिली मुदत १ नोव्हेंबरची. तिचा प्रश्न: ‘माझ्या आवाजातलं नाट्यसंगीत मी लपवू कसं? आणि स्टुडिओ घ्यावा का?’

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. ‘लपवू कसं’ असं तू विचारलंयस. ‘लपवू का’ असं नाही. म्हणजे लपवायचं हे तू ठरवून टाकलंस आणि माझ्याकडे फक्त युक्ती मागतेयस. तेव्हा स्टुडिओचं नंतर बघू, आधी हे.

मी काही अमेरिकेत शिकलेली नाही. तीसेक वर्षं हौशी नाटकं केली, गोव्याच्या कला अकादमीच्या स्पर्धेत कधी बक्षीस मिळालं, कधी नुसता चहा. पण अलीकडे नात्यातल्या आणि ओळखीच्या तीन-चार मुलांचे असले व्हिडिओ होताना फोनच्या मागे मी उभी होते. त्यामुळे नियम वाचून झालेत आणि चुकाही करून झाल्यात.

हा व्हिडिओ म्हणजे चाळणी आहे. तिकडे त्याला प्रीस्क्रीन म्हणतात. साधारणपणे दोन वेगळ्या जातीची गाणी मागतात, एक जुन्या काळातल्या म्युझिकलमधलं, एक अलीकडचं, प्रत्येकी ६० ते ९० सेकंदांचा तुकडा. शिवाय एक किंवा दोन स्वगतं, तीही तेवढीच. थोडं नृत्य. आणि काही ठिकाणी ‘वाइल्ड कार्ड’ नावाचा एक ऐच्छिक तुकडा, ज्यात तुला आवडेल ते करायचं. बऱ्याच कॉलेजांनी मिळून पहिल्या फेरीचे नियम सारखे ठेवलेत, त्याला कॉमन प्रीस्क्रीन म्हणतात, त्यामुळे एकाच चित्रीकरणात अनेक अर्ज भागतात. तरी प्रत्येक कॉलेजचा थोडाफार फरक असतोच. म्हणून पहिलं काम गाण्याचं नाही, वहीचं. रकाने आख: कॉलेज, गाणी किती, कुठल्या काळातली, सेकंद किती, कॅमेऱ्याची चौकट कुठून कुठपर्यंत, मुदत. हे केल्याशिवाय ४४वा टेक घेऊ नकोस.

नावाजलेल्या ठिकाणी अर्ज शेकड्यांनी येतात, कुठे हजारांनी, आणि वर्गात घ्यायची असतात वीसेक मुलं. बघणारा माणूस दिवसभर हेच बघत असतो. तो तयार नटी शोधत नाही. चार वर्षं हिला शिकवायचं म्हटलं तर हिच्यात शिकवण्यासारखं काही आहे का, एवढंच तो बघतो. गुळगुळीत केलेल्या मुलीत त्याला ते दिसत नाही.

आता मुरक्या. तुझ्या बाई खोटं सांगत नाहीत, अर्धं सांगतात. आपल्या नाट्यपदात चाल बांधलेली असते, पण ती अंगणासारखी. त्यात रांगोळी कुठली काढायची ते गाणाऱ्याने ठरवायचं. त्यांच्याकडे जुन्या काळातल्या गाण्यात प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला असतो आणि पियानोवाला तो कागद बघून वाजवत असतो. तिथे तू मुरकी घेतलीस तर ‘किती छान सजवते’ असं त्यांना वाटणार नाही. ‘हिचं गाणं नीट पाठ नाही’ असं वाटेल. म्हणून जुनं गाणं लिहिलंय तसं, सरळ, एकही दाणा इकडचा तिकडे न करता गा. अलीकडच्या गाण्यात थोडी मोकळीक असते. तिथे मुरकीसारखी एखादी छोटी सजावट चालते, तीही भावना वर चढते त्याच शब्दावर.

मुरकी ठेवायची की नाही हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. ती ओळ आधी नुसती बोल. समोर कोणीतरी आहे, तिच्याकडून तुला काहीतरी हवंय, अशी बोल. मग गा. जिथे गळा आपोआप वळतो तिथे थांबून बघ, हा वळसा गाण्यातल्या त्या मुलीच्या मनात आला की तुझ्या गळ्याच्या सवयीत? सवयीतला असेल तर सोड. मनातला असेल तर बाईंना गाऊन दाखव, त्याही ऐकतील.

पण मुरक्या म्हणजे नाट्यसंगीत नव्हे, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. गुरुजींनी तुला आणखी एक गोष्ट शिकवलीय, जिचं नाव त्यांनी घेतलं नसेल. वाक्य संपत आलेलं असतं, ऑर्गनवाला हळूच सूर देतो, आणि तू बोलता बोलता पदात शिरतेस. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे समोर बसलेल्याला कळत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पहिलं संगीत नाटक उभं केलं तेव्हापासून आपली माणसं ही शिवण लपवायला शिकतायत, आणि म्युझिकल थिएटरचं सगळं घर याच एका खांबावर उभं आहे. तू तियात्र, आपलं कोंकणी नाटक, तेही पाहिलं असशील. तिथली कांतारां, म्हणजे गाणी, बहुतेक वेळा पडद्यापुढे येऊन, कथेच्या बाहेरून, थेट प्रेक्षकांना म्हणतात. ती वेगळी कला, तिची मजा वेगळी. गाणं कथेच्या आत आहे की बाहेर, हा फरक तुला लहानपणापासून कानाने माहीत आहे. पुष्कळ मुलांना तो कॉलेजात गेल्यावर कळतो.

दुसरी गोष्ट, तुझा छातीतला आवाज. जत्रेत देवळाच्या आवारात, मागे खाज्यांची आणि चण्यांची दुकानं, पोरं रडतायत, लाउडस्पीकर धड नाही, आणि तरी आंब्याखाली बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत तुझा शब्द जातो. या आवाजाचा एक जवळचा नातेवाईक तिकडे आहे, त्याला बेल्ट म्हणतात. ते ओरडणं नाही, त्याचं तंत्र आहे, आणि ते बाईंकडूनच शीक. पण शून्यापासून सुरुवात करतेयस असं समजू नकोस.

जत्रेच्या रंगमंचाची जी सवय कॅमेऱ्यापुढे आड येते ती गळ्यात नाही, हातात आणि डोळ्यांत आहे. तान घेताना हात हवेत तिचा आकार काढतो. डोळे अर्धे मिटतात नाहीतर ऑर्गनवाल्याकडे जातात. पद संपल्यावर आपण क्षणभर ‘वन्स मोअर’ची वाट बघतो. रंगमंचावर हे सगळं खपतं, फोन आठ फुटांवर असला की खपत नाही. सराव करताना दोन्ही हातांत पाण्याने भरलेला तांब्या धरून गाऊन बघ. पाणी सांडलं की कळेल हात किती बोलतो ते. तांब्या ठेवल्यावर हात परत हलला तर हलू दे, पण मग तो गाण्यातल्या मुलीचा हात असेल.

गाण्याचा तुकडा निवडतानाही आपल्याकडचाच हिशेब लाव. सगळे शेवटचा उंच सूर यावा म्हणून शेवटचा भाग घेतात. त्यापेक्षा जिथे मनाचं वळण आहे तो भाग घे: आधी एक वाटत होतं, मग दुसरं काहीतरी लक्षात आलं. उंच सूर त्यात आला तर उत्तमच. सुरुवातीचं वाजवणं एक-दोन मात्रांचं ठेव, लगेच तोंड उघडता आलं पाहिजे. कापाकापी आपल्याला परकी आहे असंही नाही. साठच्या दशकात तुमच्या जवळच्या मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदं आटोपशीर केली, तेव्हाही जुन्या रसिकांनी नाकं मुरडली असतीलच.

पट्टीचं एक. आपण पेटीवरची काळी चार म्हणतो, काळी पाच म्हणतो आणि गायकाच्या सोयीने सूर लावून घेतो. त्यांची गाणी त्या त्या भूमिकेसाठी ठरलेल्या पट्टीत लिहिलेली असतात. शक्यतो मूळ पट्टीत आरामात बसेल असंच गाणं निवड. आणि सोबतीला यूट्यूबवरचा कराओके नको. त्यात सगळा वाद्यवृंद असतो आणि तू त्याच्यामागे धावत असतेस. गोव्यात पियानो वाजवणाऱ्यांना तोटा नाही. चर्चच्या कॉयरला वाजवणारा एखादा मुलगा, बाईंचाच एखादा जुना विद्यार्थी, कोणीही तासाभरात तुझ्या श्वासाच्या जागा धरून दोन्ही गाण्यांचा ट्रॅक वाजवून देईल. त्याचे पैसे मात्र नीट दे, ‘ओळखीचा आहे’ म्हणून नुसत्या चहावर भागवू नकोस.

मग नाट्यपद? ते वाइल्ड कार्डमध्ये. लपवायचं तर नाहीच, उलट त्याच्यासाठी एक खिडकी त्यांनीच ठेवलीय. विलंबित आलापी नको. थेट मुखड्याने सुरू कर, अंतऱ्याची एक ओळ, एक छोटी तान, आणि मिनिटाच्या आत संपव. पेटी तूच वाजवत असशील तर फारच छान. आधी फक्त नाव आणि पदाचं नाव सांग. संगीत नाटकाच्या परंपरेवर भाषण नको, त्यांना कुतूहल वाटलं तर पुढच्या फेरीत विचारतील. आणि जिथे वाइल्ड कार्ड मागितलेलंच नाही तिथे ते बळेच कोंबू नकोस.

इंग्रजी उच्चारांबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस, ‘ॲक्सेंट घासून घेतेय’. घासू नकोस. उसना अमेरिकन हेल दहा सेकंदांत ओळखू येतो आणि मग माणूस बाकी काही ऐकत नाही. तुझं इंग्रजी तुझंच असू दे, फक्त शब्दांचे शेवट पूर्ण कर. आपण ‘आ’कारात गात वाढलेली माणसं, स्वर लांबवतो आणि शेवटचं व्यंजन गिळतो. त्यांच्या गाण्यात अर्थ पुष्कळदा त्या शेवटच्या व्यंजनात असतो.

स्वगत छापील नाटकातलं घे, इंटरनेटवर ‘ऑडिशनसाठी’ म्हणून लिहिलेलं नको. वयाने तुझ्याजवळची व्यक्ती, आणि ती कोणाशी तरी बोलतेय असं. अख्खं नाटक वाच. रडारड आणि किंचाळणं टाळ, चाळणीवर बसलेल्यांनी सकाळपासून पुष्कळ रडणं पाहिलेलं असतं.

आता स्टुडिओ. बाबांच्या मायेला नमस्कार, पण ६० हजार यात घालू नका. लग्नाचा व्हिडिओवाला त्याच्या कामात हुशार असतो, आणि तीच पंचाईत आहे. तो झूम करणार, मध्येच दुसऱ्या कोनात जाणार, आवाजाला घुमारा देणार. इथे नियम नेमका उलटा: एक तुकडा, एक टेक, मध्ये काप नाही, आवाजावर प्रक्रिया नाही. कॉलेजंच सांगतात की फोन चालेल. ते पैसे पियानोवाल्याला, नृत्याच्या शिकवणीला आणि अर्जांच्या फीला लागणार आहेत. फी दर कॉलेजला वेगळी भरावी लागते, आठ-दहा अर्ज म्हटले तरी आकडा फुगतो.

घरी करायचं तर शत्रू कॅमेरा नाही, आवाज आहे. मागे भाचीचं रेकॉर्डिंग करताना आम्ही सगळं सजवून बसलो आणि नेमक्या शेवटच्या ओळीला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, पोंय पोंय. दुसऱ्या दिवशी वेळ बदलली तर शेजारचा कुकर. तिसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. एक दिवस काहीच रेकॉर्ड केलं नाही, वही घेऊन खोलीत बसलो आणि कुठला आवाज किती वाजता येतो ते नुसतं लिहून काढलं. सकाळी पोदेर, मग मासळीवाली, शाळेची बस, देवळातली घंटा, दुपारी पलीकडच्या घरातली मालिका. सव्वादहा ते पावणेबारा एवढी फट सापडली. तूही असंच कर. मुदत १ नोव्हेंबरची म्हणून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत थांबू नकोस. दिवाळी तोंडावर आली की नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या पोरांचे स्पीकर सुरू होतात, आणि त्यांना थांबवणं कृष्णालाही एकाच रात्री जमतं. शिवाय दसऱ्यानंतरही संध्याकाळी गडगडाटी पाऊस येतो आणि वीज जाते. पडवीला पत्रे असतील तर पावसात आवाजाची आशाच सोड.

चिऱ्यांच्या भिंती, खाली फरशी, वर उंच कौलं, अशा खोलीत आवाज घुमतो. फोनच्या मागे आणि बाजूला, चौकटीत येणार नाहीत अशा, दोरीवर दोन-तीन गोधड्या टाक. पंखा बंद, पलीकडच्या खोलीतला फ्रिजही तेवढ्यापुरता बंद, आणि नंतर तो चालू करायला विसरू नकोस, आम्ही विसरलो होतो आणि बांगडे गेले. खिडकीचा उजेड तोंडावर पडू दे, पाठीवर नको. मागची भिंत मोकळी कर, कालनिर्णयही काढ. अंगात एकरंगी, भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचं काहीतरी घाल, ज्यात तुला नीट श्वास घेता येईल. फोन आडवा, स्टँडवर नाहीतर कपाटावर पुस्तकं रचून, भिंग साधारण तुझ्या डोळ्यांच्या रेषेत. गाण्याला गुडघ्यापासून वर, स्वगताला छातीपासून वर, नृत्याला पावलांसकट अख्खी, असं बहुतेक ठिकाणी चालतं. वहीतल्या रकान्याशी ताडून बघ. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन वेळी कोणीतरी कर्ज देऊ करतं. ट्रॅक दुसऱ्या फोनवरून स्पीकरला लाव आणि स्पीकर इतका दूर ठेव की तुझा आवाज त्याच्या वर राहील. एक तुकडा करून हेडफोनवर ऐक, मगच पुढे जा.

नृत्याचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तिथे भीती आहे. काही कॉलेजं स्वतःच पदन्यासाचा व्हिडिओ देतात, तो शिकून करून दाखवायचा. काही म्हणतात, तुला येतं ते ३० ते ६० सेकंद दाखव. बॅले येत नसेल तर महिन्याभरात ती येणार नाही आणि आल्याचं सोंग पावलांत लगेच दिसतं. जॅझची शिकवणी आजपासून लाव, गिरकी आणि ठेका फुगडी-धालोने तुला दिलेला आहेच, आणि जेवढं स्वच्छ जमतं तेवढंच दाखव. पाय बघतीलच, पण चुकल्यावर चेहऱ्याचं काय होतं तेही बघतील.

४३ टेकांबद्दल. भाचीने एका गाण्याचे २७ टेक घेतले होते. शेवटी आम्ही निवडला तो चौथा. त्यात तिची एक बट गालावर आली होती म्हणून तिने तो बाद केला होता. विसाव्यानंतरचे सगळे टेक सुरात पक्के होते आणि चेहरा असा, जणू लाइटबिल भरायला रांगेत उभी आहे. तेव्हा एका दिवसात एका गाण्याचे पाचच टेक. ते त्याच दिवशी बघायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी एकदा आवाज बंद करून बघ, एकदा फोन पालथा घालून नुसतं ऐक. दोन्ही वेळा ज्यात लक्ष टिकलं तो टेक ठेव, मग एखादा सूर किंचित कमी का असेना.

तुझ्या आईचं वाक्य राहिलं. ‘आपल्यासारख्यांना तिथे कोण घेणार’ हे तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मला त्यात तिची काळजी जास्त ऐकू आली, आणि काळजीला उत्तर आकड्यांनी द्यावं लागतं. जागा कमी, फी प्रचंड, परदेशी मुलांना मिळणारी मदत मोजकी. बऱ्याच ठिकाणी दारंही दोन असतात: कलाविभागाने घेतलं तरी कॉलेजने मार्कांवर वेगळं घ्यावं लागतं, म्हणजे बारावीचा अभ्यास सुटता कामा नये. आईबरोबर बसून प्रत्येक कॉलेजचा चार वर्षांचा खर्च आणि मिळू शकणारी मदत त्याच वहीत लिही. आणि एक प्रश्न तू स्वतःला विचार, उत्तर मला कळवायला नको: अमेरिका वगळली तरी तुला हेच शिकायचंय का? हो असेल तर इथलेही दोन अर्ज तयार ठेव. पुण्याच्या विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, तिथे नाटक, संगीत आणि नृत्याच्या पदव्या आहेत. आपल्या पणजीत, कांपालला, कला अकादमीत नाटकाचं आणि पाश्चात्त्य संगीताचंही शिक्षण एकाच छपराखाली मिळतं. हे आईच्या समाधानासाठी सांगत नाही. पुण्यात तीन वर्षं काढून मग बाहेर जाणाऱ्या मुलीच्या पायाखाली जास्त जमीन असते असं माझं मत आहे. तू १७ची आहेस, तुला ते पटणार नाही, ठीक आहे. उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे मुख्य ओढ लांब जाण्याची असेल, तर तीही काही वाईट ओढ नाही. पण मग त्यासाठी याहून सोपे आणि स्वस्त अभ्यासक्रम आहेत.

पाठवण्याचं. मुदतीत रात्री ११:५९ लिहिलेलं असतं, ते बहुधा त्यांच्याकडचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की १०:२९. या जादा तासांवर विसंबू नकोस. गावातल्या रेंजवर एक फाइल चढायला संध्याकाळ जाते. चार दिवस आधी पाठव, चढवलेली प्रत पुन्हा उघडून शेवटपर्यंत बघ. पुढची फेरी मिळाली तर ती ऑनलाइन देता येते का ते आताच वाचून ठेव. तिथे बहुधा ‘हेच पुन्हा कर, पण आता समोरच्याचा राग येऊ न देता’ असं काहीतरी सांगतात. आजपासून प्रत्येक गाणं दोन-तीन वेगळ्या इराद्यांनी म्हणायची सवय लाव, म्हणजे तेव्हा गोंधळ होणार नाही.

आणि आजी. तिला खोलीबाहेर बसवायचा विचार चालला असेल तर थांब. ते ४३ टेक पुसू नकोस, एकदा सगळे लाव आणि आजीचा ‘वा!’ कुठे कुठे येतो ते लिहून काढ. तिला इंग्रजी येत नाही असं तूच लिहिलंयस. तरी त्या गाण्यात ती कशाला तरी दाद देते. माझी पैज आहे, तो ‘वा!’ उंच सुरावर येत नसणार. जत्रेत रात्र रात्र नाटकं पाहिलेली बाई आहे, तिला उंच सुराचं काय कौतुक! ज्या जागी तो येतो तिथे तुझं काहीतरी पलीकडे पोचलेलं असतं. त्याच जागा तुझ्या तुकड्यात ठेव.

स्वगत स्टुलावर बसून कर, आणि आजीला फोनला अगदी लागून खुर्चीवर बसव. भिंगात बघायचं नसतं, भिंगाशेजारी बघायचं असतं, तिथे भिंतीवर चिकटवलेल्या कागदापेक्षा आजी बरी. गाण्याला तू उभी असशील तेव्हा तिच्या जागी धाकट्या भावाला उभं कर, तिचे गुडघे दीड मिनिटालाही ऐकणार नाहीत. आणि टेक सुरू करण्याआधी तिच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा दे. खडा तोंडात असला की ‘वा’ म्हणता येत नाही. भाचीच्या वेळी हा उपाय माझ्यावरच करावा लागला होता.